जस्त, रंग आणि कर्जतचा पाऊस

दिवाळी सरली की कर्जत-खालापुरातले फॅब्रिकेटर आणि रंगारी हाती लागणे कठीण. फार्महाउसचे गेट, गोठ्याची शेड, जिन्याचे रेलिंग अशी पावसाने खाल्लेली सगळी कामे एकदमच निघतात.

लोखंड या भागाला नवे नाही. खोपोलीला १९१५ मध्ये टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले ते घाटमाथ्यावरून पाचशे मीटरहून अधिक खाली पाणी आणणाऱ्या लोखंडी नळांच्या जोरावर. पुढे त्याच परिसरात पोलादाचे, पाइपांचे, गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचे कारखाने उभे राहिले. तरीही घराचे गेट करताना आपण विचारतो काय, तर रंग कोणत्या कंपनीचा!

गंजाला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. अलिबागला त्यात समुद्राच्या मिठाची भर पडते. इथे मीठ कमी, पण पावसाळाभर लोखंड धड वाळतच नाही. पाताळगंगा-रसायनीसारख्या कारखानी पट्ट्यात आम्लधर्मी वायूही त्यात हातभार लावू शकतात.

अशा हवेत माझे मत जस्ताच्या बाजूने आहे. रंग नुसता आडोसा करतो. ओरखडा उठला की गंज त्या फटीतून आत शिरतो आणि पापुद्रा उचलत पसरतो. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजते, त्यामुळे लहानसा ओरखडा निभावून जातो. वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याच्या पद्धतीचे पेटंट फ्रान्समध्ये सोरेल यांनी १८३७ मध्ये घेतले. आजही कढईचे तापमान साधारण ४५० अंश सेल्सिअस असते.

पण ‘जीआय आहे’, म्हणजे जस्त चढवलेले (गॅल्व्हनाइज्ड) लोखंड आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. जाड अँगल किंवा चॅनेल तयार करून बुडवला तर त्यावर सुमारे ८५ मायक्रॉन जस्त बसते. बाजारातल्या १२० ग्रॅमच्या पत्र्यावर, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम, एका बाजूला जेमतेम ८ मायक्रॉन येते. २७५ ग्रॅमच्या पत्र्यावर १९च्या आसपास. मध्यम दमट हवेत वर्षाला एक-दोन मायक्रॉन जस्त झिजते असे धरा आणि गणित स्वतःच करा.

जीआय पाइपला वेल्डिंग केले की सांध्यावरचे जस्त जळून जाते. गेट नेमके तिथूनच गंजू लागते. सांधा घासून त्यावर झिंकचे प्रमाण भरपूर असलेला प्रायमर द्यायला हवा. चंदेरी रंगाचा फवारा मारून झाकलेला सांधा दिसतो तसाच, म्हणून डब्यावरचा मजकूर वाचलेला बरा.

साध्या लोखंडाला रंगच द्यायचा असेल तर खर्च घासकामावर करा. जुन्या काळी पुलांना शिशाचा लाल प्रायमर देत. मारुतीला चढणारा पारंपरिक शेंदूर तोच. तो गंज रोखायचा, पण विषारी. आजच्या साध्या रेड ऑक्साइडमधला लाल रंग हा लोहाचाच ऑक्साइड, म्हणजे गंजाचा भाऊबंद! तो नुसता झाकतो. त्यापेक्षा झिंक फॉस्फेटचा किंवा इपॉक्सी प्रायमर घ्यावा. इपॉक्सी उन्हात भुकटीसारखी सुटते, म्हणून वरचा हात पॉलियुरेथेनचा हवा. पण तारेच्या ब्रशने वरवर खरवडलेल्या गंजावर यातले काहीच टिकत नाही. मोठ्या कामाला सँडब्लास्टिंगच करावे आणि ब्लास्ट केलेल्या लोखंडावर त्याच दिवशी पहिला हात द्यावा.

हिवाळ्यात नदीकाठी पहाटे दव पडते. लोखंडाचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश जास्त असावे, म्हणून ऊन चढल्यावरच ब्रश हाती घ्यावा.

चौकोनी पाइपची गेटे मात्र बहुधा आतून सडतात. आत शिरलेल्या पाण्यावर बाहेरच्या रंगाचा काय इलाज? तळाला भोक ठेवावे लागते. गेट जस्तात बुडवायचे असेल तर भोके आधीच पाडून घ्यावीत, दोन्ही टोकांना. बंद पाइपमध्ये ओल राहिली तर कढईत तिची वाफ होऊन पाइप फुटतो, आणि शेजारी माणसे उभी असतात.