मुलांचे जेवण आणि भरविण्याची भाषा

ताटातली भाजी पाहून मूल तोंड फिरविते, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. साधारणतः दोन ते सहा या वयात अपरिचित पदार्थाविषयी साशंकता असणे स्वाभाविक होय. तोच पदार्थ आठदहा वेळा, प्रसंगी त्याहूनही अधिक वेळा, थोडाथोडा चाखावयास मिळाला म्हणजे ती बहुधा ओसरते. तथापि घास पुढे करताना वडीलधारी माणसे कोणते वाक्य उच्चारतात, हा प्रश्न भाषाभ्यासकाच्या कक्षेतला आहे.

मराठी बालभाषेचे वर्णन डॉ. अशोक केळकर यांनी १९६४ साली 'वर्ड' या नियतकालिकात केले. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील बालभाषेची तुलना केली, तीतही मराठी होती. या शब्दसृष्टीतील 'मंमं' हा शब्द सर्व अन्नाला समान लेखतो. 'खाऊ' मात्र भेद करतो. व्युत्पत्तीने खावयाची कोणतीही वस्तू 'खाऊ' ठरावी. परंतु दुधीच्या भाजीस घरात कोणी खाऊ म्हणत नाही.

हाच भेद संकेतार्थी वाक्याने दृढ होतो. 'भाजी संपवलीस तर चॉकलेट देईन' या वाक्यात भाजी ही किंमत व चॉकलेट हे बक्षीस ठरते. ऑक्स, पोन्तेकोर्वो व फाझुलो यांनी १९९६ साली इटालियन व अमेरिकन कुटुंबांतील जेवणाच्या वेळच्या संभाषणांची तुलना केली. इटालियन घरांत अन्नाच्या आस्वादाविषयी बोलणे अधिक होते. अमेरिकन घरांत पोषणाची बजावणी व गोड पदार्थाचे आमिष अधिक आढळले. आज्ञार्थाचीही गत निराळी नाही. गॅलोवे प्रभृतींच्या २००६ सालच्या प्रयोगात सूप संपविण्याचा आग्रह झाला तेव्हा मुलांनी ते कमी घेतले व नापसंतीचे उद्गार अधिक काढले.

आपल्याकडील चिऊकाऊच्या घासात अट नसते आणि आज्ञाही नसते. तेवढ्यापुरता तो श्रेष्ठ होय. परंतु त्यात मुलाचे लक्ष चवीवरून खिडकीकडे जाते. आज भ्रमणध्वनीचा पडदा तेच करतो, आणि संभाषणही हिरावून घेतो.

'भरविणे' या प्रयोजक क्रियापदाची कर्ती आई असते. 'जेवणे' याचा कर्ता मूल. डोंबिवलीत सकाळची लोकल गाठावयाची असताना भरविणे लवकर उरकते, हे खरे. तरी काय व केव्हा वाढावयाचे ते मोठ्यांनी ठरवावे, किती खावयाचे ते मुलावर सोपवावे आणि 'ही शेंग कुरकुरीत लागते का?' असे विचारावे. अशा प्रश्नाने मूल आपल्या जेवणाचे कर्तेपण स्वीकारू लागते.