मरुभूमींतील राजवाडे आणि पाणी



सेनगांवाच्या शेजारीं नरसी हें गांव आहे. नामदेवांचें जन्मस्थान म्हणून आमच्या हिंगोली जिल्ह्यांत त्याची मोठी प्रतिष्ठा. वारकरी परंपरेंत अशी कथा आहे कीं, ज्ञानदेव आणि नामदेव तीर्थाटन करीत मारवाडांत गेले असतां बिकानेरजवळ कोलायत येथें तहानेनें व्याकुळ झाले. विहीर खोल, जवळ दोर नाहीं. ज्ञानदेव योगबळानें आंत उतरून पाणी प्यालें. नामदेवांनीं विठ्ठलाचा धावा केला, आणि विहीर कांठोकांठ भरून वाहूं लागली. चमत्कार क्षणभर बाजूस ठेवला, तरी त्या भूमीचें मर्म या कथेंत आहे. तेथें वैभवाची चौकशी करण्यापूर्वीं पाण्याची करावी.

जोधपूरचा मेहरानगड पाहावयास जाणारे बहुतेक प्रवासी महालांतील सोनेरी नक्षी पाहून परततात. राव जोधा यानें इ. स. १४५९ मध्यें हा गड बांधावयास घेतला, तेव्हां टेकडीवरील एका जोग्यास तेथून उठविलें. त्यानें पाण्याच्या दुर्भिक्षाचा शाप दिला, असें लोक सांगतात. शाप खरा असो वा नसो, गडाच्या पायथ्याशीं राणीसर आणि पद्मसर हे तलाव खोदावे लागले. हे तलाव अवश्य पाहावेत. माझ्या मतें गडाचा खरा खजिना तोच.

त्याच शहरांत उमेदभवन हा ३४७ दालनांचा अवाढव्य राजवाडा आहे. इ. स. १९२९ मध्यें त्याचा पाया घातला व १९४३ मध्यें काम पुरें झालें. आज त्याचा एक भाग राजघराण्याचें निवासस्थान, एक पदार्थसंग्रहालय व उरलेला उंची हॉटेल आहे. एवढा डामडौल कशासाठीं, असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु दुष्काळानें गांजलेल्या प्रजेस काम मिळावें म्हणून महाराजा उमेदसिंहांनीं हें बांधकाम काढलें होतें. आमच्या मराठवाड्यांत १९७२ च्या दुष्काळांत ज्यांनीं खडी फोडून दिवस काढले, त्यांस त्या दगडांची भाषा निराळी समजावून सांगावी लागणार नाहीं. मात्र आम्हांकडे त्या खडीचे रस्ते झाले, तिकडे राजवाडा झाला, हा भेदही ध्यानांत घेण्याजोगा आहे.

जोधपूरहून बिकानेरकडे जातांना वाटेंत नागोर लागतें. या शहरास जयाप्पा शिंदे यांनीं वेढा घातला असतां, १७५५ च्या जुलै महिन्यांत छावणींतच दग्यानें त्यांचा वध झाला. त्यांची छत्री जवळच ताऊसर येथें आहे. पुढील तहांत अजमेर शिंद्यांकडे आलें. मराठी प्रवाशानें तेथें थांबावें. पण आपल्या खंडणीच्या भारानें मारवाडची रयत किती भरडली, हेंही स्मरावें.

बिकानेरचा जुनागड सपाट भूमीवर आहे. तेथील महाराजा गंगासिंहांनीं, राज्यारोहणानंतरचा १८९९ चा भीषण दुष्काळ पाहून, सतलजचें पाणी कालव्यानें १९२७ मध्यें आपल्या राज्यांत आणिलें. त्या मुलुखांत आज शेतें डुलतात.

प्रवासास कार्तिक ते माघ हा काल उत्तम. कोलायतच्या कपिल सरोवरावर कार्तिकी पौर्णिमेस यात्रा भरते. पंढरपुरीं कार्तिकी एकादशी करून निघणाऱ्यास मध्यें चार दिवस मिळतात, आणि आगगाडीनें तेवढे पुरतात.