गाडीला टर्बो बसवायचा? गटाचं कर्ज देण्याआधी समजून घेऊ

बचत गटात गाडीच्या कामासाठी कर्जाचा अर्ज येतो, तेव्हा आपण बहुतेक वेळा रक्कम आणि हप्ता एवढंच बघतो. कामाबद्दल विचारायचं तर ‘ते गॅरेजवाल्याला माहीत’ म्हणून सोडून देतो. आज आपण अशाच एका कामाबद्दल बोलणार आहोत. ‘गाडी चढाला दम टाकते, टर्बो बसवला की पळेल’ असं कुणी सांगतं आणि अर्ज गटाकडे येतो. पैसा सगळ्यांचा आहे, म्हणून टर्बो म्हणजे काय ते आधी बघू.

चूल पेटवताना आपण फुंकणी वापरतो. हवा जास्त मिळाली की जाळ वाढतो. इंजिनचंही तसंच आहे. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. साधं इंजिन ही हवा स्वतःच ओढून घेतं, म्हणून त्याला ‘नॅचरली ॲस्पिरेटेड’ म्हणतात. चार स्ट्रोकचं 1.4 लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत फार तर 1.4 लिटर हवा आत घेतं. त्याहून जास्त इंधन टाकलं तर ते नीट जळत नाही, काळा धूर होऊन बाहेर जातं.

टर्बो ही इंजिनची फुंकणी आहे. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक छोटं चक्र फिरवतो. त्याच दांड्यावर दुसरं चक्र असतं, ते ताजी हवा दाबून इंजिनात ढकलतं. वाया जाणाऱ्या धुराचा असा उपयोग करण्याचं पेटंट स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली घेतलं. आपल्या नावडे फाट्यावरून तळोजा एमआयडीसीचे ट्रक जातात. नवा ट्रक वेग घेताना बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, तो टर्बोचाच.

मग आपल्या गाडीला तो बसवला तर काय बिघडतं? इथे नीट लक्ष द्या. ट्रकचं इंजिन कारखान्यातच टर्बोसाठी बनवलेलं असतं. साधं इंजिन तसं नसतं.

सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, कारण दाबलेली हवा तापते. इंजिनातही तेच होतं, म्हणून हवा थंड करायला बहुतेक ठिकाणी इंटरकूलर लावावा लागतो. पेट्रोलच्या इंजिनात आधीच हवा सुमारे दहापट दाबली जाते. त्यात आणखी हवा कोंबली तर ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच पेट्रोल आपोआप भडकतं आणि इंजिन आतून ठोकायला लागतं. असं चालू राहिलं तर पिस्टनला भोक पडतं, नाहीतर हेड गॅस्केट जातं. ते टाळायला पिस्टन बदलायचे, इंधन किती आणि केव्हा सोडायचं तेही नव्याने बसवायचं. डिझेलमध्ये असं ठोकणं नसतं, पण पंप, गॅस्केट आणि रेडिएटर यांच्यावर ताण येतोच. शिवाय टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्यावर फेऱ्या घेतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. ऑइल जुनं किंवा कमी असेल तर तो जळून जातो. क्लच आणि गिअरबॉक्सलाही वाढलेला जोर सोसावा लागतो.

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. पुण्यात बनलेली टाटा इंडिका 1998 च्या डिसेंबरअखेर आली. तिचं 1,405 सीसीचं डिझेल इंजिन साधं होतं. पुढे त्याच मापाच्या इंजिनाची टर्बो गाडीही कंपनीने आणली. म्हणजे हे काम होऊ शकतं. पण कंपनी अशी गाडी चाचण्या करून आणि सरकारी मंजुरी घेऊन विकते. तेवढी सोय गल्लीतल्या गॅरेजकडे नसते.

आता कायदा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘मग सीएनजी कसं चालतं?’ असं काहीजणी विचारतील. सीएनजीचं किट मान्यताप्राप्त असतं आणि आरसीवर त्याची नोंद होते. न कळवलेल्या बदलामुळे अपघातानंतर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. तशी वेळ आली तर गाडीही गेली आणि कर्जाचा हप्ताही राहिला.

म्हणून अर्ज आला की चार प्रश्न विचारा. पहिला, गाडीची ताकद आधी होती आणि आता कमी झाली आहे का? तसं असेल तर एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टायरची हवा, क्लच आणि चिकटणारे ब्रेक आधी तपासून घ्या. हायवेच्या धुळीने फिल्टर चोंदतो आणि तो बदलणं टर्बोपेक्षा खूपच स्वस्त पडतं. दुसरा, गाडीत परवान्यापेक्षा जास्त माल भरला जातो का? तिसरा, या बदलाला मंजुरी आहे का? पनवेलच्या एमएच 46 च्या आरटीओत जाऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या. चौथा, विमा कंपनीला कळवलं आहे का?

घाटातून रोज माल न्यायचा असेल तर टर्बोची गरज खरी असू शकते. तेव्हा जुनी साधी गाडी विकून कंपनीतूनच टर्बो आलेली वापरलेली गाडी घेण्यासाठी कर्ज देणं जास्त शहाणपणाचं. ती घेतल्यावर ऑइल वेळेवर बदला आणि चढ चढून आल्यावर इंजिन मिनिटभर तसंच चालू ठेवून मग बंद करा. त्यामुळे तापलेल्या टर्बोला थंड व्हायला वेळ मिळतो.

चारही प्रश्नांची उत्तरं गटाच्या इतिवृत्तात लिहून ठेवा आणि मगच कर्जाच्या कागदावर सही करा.