भाड्याचे घर : जोडणी कुणाची, बिल कुणाचे?

वीज. नवी जोडणी, मीटर आणि वायरिंगचा खर्च साधारणपणे घरमालकाकडे. महिन्याचे बिल वापरणाऱ्याकडे. वीज कायदा 2003, कलम 43 नुसार मालकच नव्हे, तर जागेत राहणारा भोगवटादारही वीजपुरवठा मागू शकतो. अर्ज ज्याच्या नावे, सुरक्षा ठेव त्याची. सोलापुरात पुरवठा महावितरणचा.

पाणी. नळजोडणी महापालिकेची. शहराला भीमेवरच्या उजनी धरणातून पाणी मिळते, पण नळाला ते काही दिवसांआड येते. त्यामुळे घर बघायला आलेला माणूस खोल्यांआधी टाकी बघतो! पाणीपट्टी घरमालकाच्या नावे निघते. ती भाड्यात धरली आहे की वेगळी, आणि टँकर मागवला तर पैसे कुणी द्यायचे, हे करारात लिहावे लागते.

गॅस. ही जोडणी घराची नव्हे, ग्राहकाची. नोंदवलेला भाडेकरार पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. जून 2022 पासून 14.2 किलोच्या घरगुती सिलिंडरची अनामत 2,200 रुपये, रेग्युलेटरची 250. जोडणी परत केल्यावर पावतीवरची अनामत मिळते.

कायदा काय सांगतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, अंमल 31 मार्च 2000 पासून.

• कलम 29 : पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूचे पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट वा सफाईसेवा तोडता येत नाही.
• कलम 55 : करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. जबाबदारी घरमालकाची, कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही.