धुरातले निकोटिन: यंत्राचा आकडा काय सांगतो

सिगारेटच्या धुरातील निकोटिन मोजताना झुरके यंत्र घेते. सिगारेटी आधी 22 अंश सेल्सिअस तापमान आणि 60 टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवतात. मग आयएसओ 3308 या मानकानुसार यंत्र दर मिनिटाला 35 मिलिलिटरचा, दोन सेकंदांचा एक झुरका ओढते. धूर केंब्रिज फिल्टर नावाच्या काचतंतूंच्या चकतीतून जातो. निकोटिन बहुतांशी धुरातल्या सूक्ष्म थेंबांत असल्याने चकतीवरच अडकते.

चकतीवरचा तपकिरी डाग निकोटिनचा, असे अनेकांना वाटते. ताजे शुद्ध निकोटिन मात्र जवळजवळ रंगहीन असते. डाग मुख्यतः टारचा. म्हणून रंगावरून मोजमाप होत नाही. चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हलवून अर्क काढतात, त्यात आधीच ठरावीक प्रमाणात मिसळलेल्या संदर्भ-पदार्थाशी तुलना करून गॅस क्रोमॅटोग्राफवर निकोटिनचे प्रमाण ठरवतात. टारचा आकडा तर निव्वळ वजाबाकीचा असतो: चकतीवर साचलेल्या एकूण वजनातून पाणी आणि निकोटिन वजा केले की उरते ते टार.

पाकिटावरचा आकडा कमी म्हणजे तंबाखूतच निकोटिन कमी, हा सर्वांत चिवट गैरसमज. एका सिगारेटच्या तंबाखूत साधारण 10 ते 14 मिलिग्रॅम निकोटिन असते. धुरातला आकडा मात्र अनेकदा एक मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी येतो. ‘लाइट’ सिगारेटींच्या फिल्टरवरील बारीक छिद्रांतून हवा शिरते आणि धूर पातळ होतो. यंत्र ती छिद्रे उघडी ठेवते, ओढणाऱ्याची बोटे आणि ओठ ती झाकतात. शिवाय निकोटिन कमी पडले की माणूस झुरका लांबवतो, यंत्राला तशी तलफ नसते! संशोधक नील बेनोविट्झ आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये दाखवून दिले, की कमी आकड्यांच्या सिगारेटी ओढणारे कमी निकोटिन घेत नाहीत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1966 पासूनची या आकड्यांना मान्यता देणारी भूमिका 2008 मध्ये मागे घेतली.

छिद्रे पूर्ण बंद करून, दर अर्ध्या मिनिटाला 55 मिलिलिटरचा झुरका घेण्याची कॅनडाची कठोर पद्धतही आहे. तिचे आकडे चढे येतात, पण तेही सिगारेटचेच मोजमाप. माणसाच्या शरीरात किती निकोटिन गेले हे पाहायला रक्त, लाळ किंवा लघवीतील कोटिनिन, म्हणजे शरीरात निकोटिनपासून बनणारा पदार्थ, तपासतात; निकोटिन रक्तातून काही तासांत ओसरते, कोटिनिन दिवसभराहून अधिक काळ सापडते.