खातं काढलं आणि वाटणीपत्र गेलं

अमडापूरला मामांच्या घरी कम्प्युटर एकच. सकाळी मामांचा पीक विमा, दुपारी मामींचा बचत गटाचा हिशेब, रात्री मामेबहिणीचा अभ्यास. थोरला नोकरीला पुण्याला गेला तेव्हा ‘आता हे कायले पाह्यजे’ म्हणत मामांनी त्याचं खातं काढून टाकलं. आठवडाभराने पीककर्जासाठी सातबारा लागला, तर तो त्याच खात्यात उतरवलेला. ‘खातं काढलं रे मी, फायली थोड्याच काढल्या!’ हे मामांचं म्हणणं. सातबारा 15 रुपये भरून पुन्हा काढता आला. वाटणीपत्राचं स्कॅन मात्र गेलं ते गेलंच. मूळ कागद लोखंडी पेटीत होता म्हणून निभावलं.

मामांसारखंच बहुतेकांना वाटतं: खातं म्हणजे दारावरची पाटी, ती काढली तरी घर जागेवर. विंडोजमध्ये खातं म्हणजे ती खोलीच. सी ड्राइव्हमधल्या ‘यूजर्स’ फोल्डरात प्रत्येक खात्याचं स्वतंत्र फोल्डर असतं आणि त्या माणसाचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, फोटो सगळं त्याच्या पोटात. सेटिंग्जमधून खातं काढताना ‘अकाउंट आणि डेटा’ काढायचा का, असं विचारतात. तिथला ‘डेटा’ हा शब्द कुणी वाचत नाही. जुन्या कंट्रोल पॅनलमधून काढलं तर फायली ठेवण्याचा पर्याय मिळतो, पण त्यातही मेख आहे: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो, गाणी, व्हिडिओ उचलून ठेवले जातात, डाउनलोड्स नाही. आणि आपल्याकडे सातबारा, आठ-अ, आधारची पीडीएफ, फॉर्मची पावती हे सगळं पडलेलं असतं नेमकं डाउनलोड्समध्ये. खातं काढण्याआधी ते फोल्डर उघडून हवं ते स्वतःच्या हाताने बाहेर काढावं, यापेक्षा खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

दुसरा समज याच्या अगदी उलटा. ‘सगळ्यांची खाती वेगळी केली, पासवर्ड टाकले, आता कुणाचं कुणाला दिसत नाही.’ सगळीच खाती ॲडमिनिस्ट्रेटर असतील, तर दिसतं. विंडोज एकदा ‘परवानगी नाही’ म्हणतं आणि खाली ‘कंटिन्यू’ दाबलं की दार उघडून देतं. घरात एकच ॲडमिनिस्ट्रेटर खातं असावं आणि रोजच्या कामाला प्रत्येकाचं स्टँडर्ड; ज्याच्याकडे ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड, त्यानेही रोज स्टँडर्डमधूनच बसावं. मुलांनी कुठला तरी फुकटचा गेम उतरवला, तर सगळ्या कम्प्युटरवर बसायला तो आधी ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागतो. एवढ्याने बऱ्याच भानगडी दारातच अडतात. शिवाय लॉग-इनचा पासवर्ड म्हणजे तिजोरी नव्हे. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर ती काढून दुसऱ्या मशीनला जोडली की फायली वाचता येतात. दुरुस्तीला देताना हे लक्षात असू द्यावं.

‘महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हला टाकलंय’ हे वाक्य तर घरोघरी. सी ला फॉरमॅट मारला तरी डी वाचतं, हे खरं. पण घरच्या बहुतेक मशीनमध्ये सी आणि डी एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क जळाली की दोन्ही जातात. दुसरी प्रत दुसऱ्या वस्तूवर हवी: बाहेरची हार्डडिस्क, नाहीतर पेनड्राइव्ह. पेनड्राइव्हवरून पुसलेली फाइल रीसायकल बिनमध्ये येत नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो.

आता नावांचा घोळ. मामांनी एकदा फाइलला ‘7/12’ असं नाव द्यायला घेतलं आणि विंडोजने चक्क नाकारलं. मामांना वाटलं, सरकारी कागद म्हणून लॉक आहे. तसं काही नाही. तिरपी रेघ फोल्डरचा पत्ता लिहायला राखून ठेवलेली असते, म्हणून ती नावात चालत नाही. ‘सातबारा’ असं अक्षरी लिहा, खुशाल मराठीत. युनिकोड देवनागरी नाव चालतं. तारीखही तिरप्या रेघेने लिहिता येत नाही आणि दिवस पुढे ठेवून लिहिली तर क्रम बिघडतो: 05-12-2024 ही फाइल 04-01-2025 च्या खाली जाऊन बसते. वर्ष पुढे घ्या. ‘2025-01-04 सातबारा’ असं लिहिलं की फायली आपोआप ओळीने लागतात.

तसंच, फोटोच्या नावाच्या शेवटी जेपीजीच्या जागी पीडीएफ लिहिल्याने त्याची पीडीएफ होत नाही. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना मामेबहिणीने तेच केलं, आणि पोर्टलने फाइल परत केली. फोटो उघडून प्रिंट दाबायचं आणि प्रिंटरच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडायचं. विंडोज 10 पासून हे आतच येतं.

दिवाळीत मी गेलो तेव्हा खाती नव्याने लावून दिली. दुकानदाराने पहिल्या दिवशी मामांच्या खात्याला ‘यूजर 1’ नाव ठेवलं होतं, ते बदलून ‘मामा’ केलं. स्क्रीनवर नाव झळकलं, मामा खूश. ‘यूजर्स’मध्ये जाऊन पाहिलं तर फोल्डर अजून ‘यूजर 1’च! खात्याचं नाव बदललं तरी फोल्डरचं बदलत नाही, ते खातं उघडताना पडतं तेच राहतं. ‘म्हंजे शाळेतल्या दाखल्यावानी,’ मामा म्हणाले आणि पेनड्राइव्ह शोधायला उठले.