फॉरमॅट मारूनही पीसी हँग होतो, तेव्हा

आमच्या घरचा डेस्कटॉप २०१२ साली जोडून घेतलेला. दुसऱ्या पिढीचा कोअर आय-३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. सोसायटीचे हिशोब, मुलीचे शाळेचे प्रकल्प, आईच्या औषधपाण्याच्या नोंदी, सगळं त्याच्यावर. मग तो काम करता करता मध्येच थिजायला लागला. दुकानात नेला, तर ‘विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारून देतो’ असं उत्तर मिळालं. घरी आणल्यावर दोन दिवस बरा चालला, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा फॉरमॅट, पुन्हा पैसे. तिसऱ्या खेपेला सल्ला मिळाला, ‘आता भंगारात द्या.’

शेवटी घरीच बसून छडा लावला. दुखणं हार्ड डिस्कचं होतं. ती बदलली आणि तोच पीसी आजही रोज चालतो. जुना पीसी हँग झाला की जे समज आपल्याला खर्चात आणि मनस्तापात पाडतात, ते इथे एकेक करून तपासू.

गैरसमज १ : फॉरमॅट मारला की सगळं ठीक होतं.

वस्तुस्थिती : फॉरमॅट फक्त सॉफ्टवेअरचं घर झाडतो. व्हायरस, बिघडलेल्या सिस्टिम फाइली, एकमेकांत भांडणारे प्रोग्रॅम यांवर तो उपाय आहे. झिजलेली डिस्क, सदोष रॅम, वाळलेली थर्मल पेस्ट आणि थकलेला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) मात्र जसेच्या तसे राहतात. कोऱ्या विंडोजवरही पीसी थिजत असेल, तर फॉरमॅट वाया गेला असं समजू नका. जुनी सॉफ्टवेअर कारणं बहुतेक बाद झाली आणि संशयित दोनच उरले : ड्रायव्हर आणि हार्डवेअर. अशा वेळी दुसरा फॉरमॅट मारणं म्हणजे ताप उतरत नाही म्हणून चादर बदलणं.

एक अपवाद लक्षात ठेवा. नवीन विंडोज टाकल्यावर पहिले काही तास अपडेट उतरत असतात, शोधसूची तयार होत असते, अँटिव्हायरस सगळ्या फाइली तपासत असतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते. हा बिघाड नव्हे. पीसी एक दिवस सुरू ठेवा आणि मग निर्णय घ्या.

गैरसमज २ : हँग म्हणजे हँग, त्यात काय पाहायचं?

वस्तुस्थिती : हँग होण्याचे प्रकार असतात आणि प्रकारावरून कारणाची दिशा कळते. पीसी थिजला की लगेच पॉवरचं बटण दाबू नका. आधी कीबोर्डवरची नम लॉकची कळ दाबा. तिचा दिवा लागतो-विझतो आहे का? कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा दिवा पाहा. तो सतत पेटलेला आहे, लुकलुकतो आहे की पूर्ण विझला आहे?

माऊस हलतो, नम लॉकला प्रतिसाद मिळतो, पण काहीच उघडत नाही आणि डिस्कचा दिवा अखंड पेटलेला आहे, तर पहिला संशय हार्ड डिस्कवर घ्या. चित्र गोठलं, नम लॉकही मेला, आवाज एकाच सुरावर अडकला, तर रॅम, उष्णता, वीजपुरवठा, मदरबोर्ड किंवा ड्रायव्हर यांपैकी काहीतरी आहे. फक्त पडदा गोठला असेल, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबून पाहा. विंडोज १० मध्ये याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. चित्र परत आलं, तर ग्राफिक्सकडे बघा.

गैरसमज ३ : डिस्क फॉरमॅट झाली, विंडोजही बसलं, म्हणजे डिस्क चांगली आहे.

वस्तुस्थिती : विंडोज टाकताना होणारा फॉरमॅट हा क्विक फॉरमॅट असतो. तो फाइलींची अनुक्रमणिका नवी करतो, डिस्कचा कोपरान् कोपरा तपासत नाही. म्हणून ५०० जीबीची डिस्कही काही सेकंदांत फॉरमॅट झालेली दिसते.

डिस्कवरचा एखादा सेक्टर दुबळा झाला की ती तोच भाग पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते. तेवढा वेळ विंडोज उत्तराची वाट पाहत थांबतं आणि आपल्याला पीसी हँग झालेला दिसतो. आमच्याकडे नेमकं हेच होत होतं. दिवा पेटलेला, कॅबिनेटला कान लावला तर आतून बारीक टक-टक, आणि अर्ध्या मिनिटाने काहीच झालं नाही असा पीसी पुन्हा चालू. फॉरमॅटनंतर फाइली डिस्कवर नव्या जागी पडतात. त्यामुळे दोन दिवस बरं वाटतं, आणि दुबळ्या जागेशी गाठ पडली की पुन्हा तेच.

तपासायला क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम पुरतो. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, ती तो दाखवतो. त्यात तीन ओळी पाहा. ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ म्हणजे खराब ठरवून बदललेल्या जागा. ‘करंट पेंडिंग सेक्टर्स’ म्हणजे वाचता न येणाऱ्या, निकाल बाकी असलेल्या जागा. हे आकडे शून्याच्या वर असतील आणि वाढत असतील, तर त्या डिस्कवर विसंबू नका. तिसरी ओळ ‘सीआरसी एरर’ची. तो आकडा वाढत असेल, तर बहुधा साटा केबल सैल किंवा खराब आहे. नवी केबल लावून पाहा, डिस्क बदलायची घाई करू नका.

गैरसमज ४ : माझा डेटा डी ड्राइव्हमध्ये आहे, त्याला काही होत नाही.

वस्तुस्थिती : या समजाने सर्वांत जास्त नुकसान होतं. बहुतेक घरच्या पीसीत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क मेली की दोन्ही जातात. शिवाय डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे फोल्डर मुळात सी ड्राइव्हवर असतात. आमच्या पहिल्याच फॉरमॅटमध्ये डेस्कटॉपवर ठेवलेले फोटो गेले, ते याच कारणाने. पीसी हँग व्हायला लागला की पहिलं काम कॉपी काढण्याचं : दुसऱ्या डिस्कवर, पेन ड्राइव्हवर, जमेल तिथे. दुबळ्या डिस्कवर विंडोज टाकणं म्हणजे तिला आणखी राबवणं. नंतर डेटा काढू म्हटलं, तर ती संधी कदाचित मिळणारही नाही.

गैरसमज ५ : रॅम वाढवली की हँग होणं थांबेल.

वस्तुस्थिती : रॅम कमी पडली की पीसी मंद होतो, कारण विंडोज जास्तीचा पसारा डिस्कवर ठेवायला लागतं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९० टक्क्यांच्या वर राहत असेल, तर वाढवण्यात अर्थ आहे. मात्र विंडोज ३२ बिटचं असेल, तर ४ जीबीच्या पुढची रॅम वाया जाते. प्रत्यक्षात त्यातलीही साधारण ३ ते साडेतीन जीबीच वापरता येते.

कमी रॅम वेगळी आणि सदोष रॅम वेगळी. रॅम सदोष असेल, तर विंडोज टाकताना फाइली तिच्यातूनच जातात आणि चुकीच्या उतरू शकतात. मग नवं विंडोज जन्मतःच आजारी असतं. पीसी बंद करा, वायर काढा, रॅमच्या पट्ट्या सोडवा, सोनेरी दात मऊ खोडरबराने हलके पुसा आणि ‘टक्’ आवाज येईपर्यंत पट्ट्या परत बसवा. रात्रभर मेमटेस्ट८६+ चालवा. एकही चूक दिसली, तर एकेक पट्टी लावून दोषी कोणती ते शोधा.

गैरसमज ६ : पंखा फिरतोय, म्हणजे पीसी थंड आहे.

वस्तुस्थिती : पंख्याने वारा दिला तरी प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचायला हवी. मधली थर्मल पेस्ट वर्षानुवर्षांत वाळून खडूसारखी होते. इंटेलच्या जुन्या कूलरला प्लास्टिकच्या चार खिळ्या असतात. त्यांतली एक सुटली की कूलर तिरका बसतो आणि पंखा जोरात फिरूनही उपयोग होत नाही. तापमान दाखवणारा प्रोग्रॅम चालवा. काही काम नसताना प्रोसेसर ७०–८० अंशांवर असेल, तर पेस्ट बदला. विदर्भातल्या उन्हाळ्यात खोलीच ४० अंशांच्या पुढे जाते आणि पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, हेही ध्यानात ठेवा. धूळ काढताना ब्लोअर मारायचा असेल, तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

कॅबिनेट उघडलंच आहे, तर मदरबोर्डवरचे गोल कपॅसिटर पाहा. माथा सपाट हवा. फुगलेला किंवा तपकिरी गळती झालेला कपॅसिटर म्हणजे बोर्डाचं दुखणं. २००० ते २००७ च्या दरम्यानच्या बोर्डांत हा दोष फार आढळायचा. एसएमपीएस मात्र घरी कधीही उघडू नका, वायर काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते. ओळखीच्या माणसाकडून चालू एसएमपीएस आणून लावून पाहणं ही सोपी परीक्षा.

गैरसमज ७ : विंडोजने ड्रायव्हर आपोआप टाकले, विषय संपला.

वस्तुस्थिती : आपोआप येणारे ड्रायव्हर बहुधा काम भागवतात, पण जुन्या पीसीत ते चपखल असतीलच असं नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आहे का पाहा. डिस्प्लेसमोर ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ लिहिलेलं असेल, तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. चिपसेट, ग्राफिक्स आणि लॅनचे ड्रायव्हर मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर टाकून देणाऱ्या प्रोग्रॅमपासून लांब राहा.

गैरसमज ८ : इव्हेंट व्ह्युअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतं, म्हणजे एसएमपीएस गेला.

वस्तुस्थिती : इव्हेंट व्ह्युअर म्हणजे विंडोजची रोजनिशी. त्यातली ही नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. हँग झालेला पीसी तुम्ही बटण दाबून धरून बंद केलात, तरीही तीच नोंद पडते. खरा पुरावा तिच्या आधीच्या काही मिनिटांत असतो. तिथे ‘डिस्क’ या नावाखाली ‘बॅड ब्लॉक’ची नोंद सापडली, तर दिशा स्पष्ट झाली. आमच्याकडे तशा नोंदींची रांग लागली होती. दोनदा फॉरमॅट मारणाऱ्यांनी ती एकदाही उघडून पाहिली नव्हती.

गैरसमज ९ : विंडोज १० चा पाठिंबा संपला, म्हणून जुने पीसी हँग होतात.

वस्तुस्थिती : १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. त्यामुळे सुरक्षेचा प्रश्न येतो, तो गंभीरपणे घ्यायला हवा. पण पाठिंबा संपल्याने पीसी थिजत नाही. जुन्या पीसीत टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा नसल्याने विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. आडवाटेने ते बसवण्यापेक्षा लिनक्स मिंटसारखी प्रणाली अशा पीसीला जास्त मानवते.

लिनक्सचा आणखी एक उपयोग आहे. ते पेन ड्राइव्हवरून, काहीही न बसवता चालतं. हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा आणि पीसी दोन-तीन तास तसाच वापरा. तरीही थिजला, तर दोष रॅम, उष्णता, एसएमपीएस किंवा बोर्डात. सुरळीत चालला, तर डिस्क किंवा विंडोजचे ड्रायव्हर. एका संध्याकाळीत, बिनपैशाची एवढी मोठी चाळणी दुसरी नाही.

म्हणून क्रम असा ठेवा : आधी डेटाची कॉपी, मग हँगचा प्रकार, इव्हेंट व्ह्युअर, डिस्कची तब्येत, पेन ड्राइव्हवरचं लिनक्स, रॅम, तापमान, ड्रायव्हर, आणि सर्वांत शेवटी एसएमपीएस व बोर्ड. दुकानात जायचंच असेल, तर ‘हँग होतो’ एवढंच सांगू नका. ‘डिस्कचा दिवा पेटलेला राहतो, नम लॉक चालतं, पेंडिंग सेक्टर्स इतके आहेत’ असं सांगा. मग कोणी सहज म्हणणार नाही, ‘फॉरमॅट मारून देतो.’

आमच्या पीसीत आता २५६ जीबीची एसएसडी आहे. बाकी सगळं २०१२ चंच. आईच्या नोंदी वाचल्या, फोटो परत आले नाहीत. कॉपीचं काम मी यादीत सर्वांत वर ठेवलंय, ते त्या फोटोंमुळे.